हवेचे मशीन आणि हाडामांसाचा हात

साप्ताहिक सुटीनंतर सकाळी दवाखाना उघडला की बाकावर तीन प्रकारचे पेशंट ठरलेले असतात. सुटीच्या जेवणाने पोट बिघडलेले, कामावर न गेल्याचा दाखला हवा असलेले, आणि एक डोळा रुमालाने झाकून मान खाली घालून बसलेले. पहिल्या दोन प्रकारांची आपण एरवी पुष्कळ चर्चा करतो. आज तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे, आणि थोडे माझ्या स्वतःच्या चुकीबद्दलही.

माझा दवाखाना औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आपला कोल्हापूर जिल्हा गुळासाठी आणि चपलांसाठी जसा ओळखला जातो, तसाच तो फाउंड्र्यांसाठीही ओळखला जातो. साच्यातून बाहेर पडलेले कास्टिंग तसेच गाडीत बसवता येत नाही. त्याला रनर-रायझरचे शेंडे राहिलेले असतात, कडांना पातळ पापुद्रे असतात, भाजलेली वाळू चिकटलेली असते. हे सगळे कापून, घासून काढण्याच्या कामाला फेटलिंग म्हणतात. या कामात हातात धरायचे कापायचे यंत्र पुष्कळदा विजेवर नव्हे, तर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. कोणी त्याला एअर ग्राइंडर म्हणतात, कोणी एअर कटर म्हणतात. कामगार मंडळी नुसते ‘हवेचे मशीन’ म्हणतात. गाड्यांचे डेंटिंग करणाऱ्या गॅरेजमध्ये आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्येही हे मशीन असते.

हे मशीन चांगले आहे, यात शंका नाही. वजनाला हलके, शॉक लागायची भीती नाही, ओल्या जागेतही चालते. पण ‘हवेचे’ या शब्दाने माणसाची फसगत होते. हवा म्हणजे काहीतरी हलकेफुलके, निरुपद्रवी, असे मनात बसते. ज्याच्यामुळे आजचा लेख लिहितो आहे, त्या मुलाचीही तीच समजूत होती.

तीन खेपा

पहिल्यांदा तो आला तेव्हा जेमतेम विशीचा होता. “डॉक्टर, कण गेलाय डोळ्यात. तेवढा काढून द्या की, न्हाईतर हाफ डे पडंल.” कण वरवरचा होता. डोळा बधिर करणारे थेंब घातले, ओल्या कापसाच्या काडीने कण काढला, मलम लिहून दिले. पाच मिनिटांचे काम. केसपेपरवर लिहिले, ‘उजव्या डोळ्यात कण, काढला.’

तीन-चार महिन्यांनी तोच मुलगा, तोच डोळा. या वेळी कण बुबुळात रुतलेला होता आणि भोवती गंजाचे कडे धरले होते, कारण दोन दिवस त्याने कारखान्यातल्याच एका ‘एक्स्पर्ट’कडून काडेपेटीच्या काडीने तो काढायचा प्रयत्न करून घेतला होता. मी त्याला शहरात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. गॉगल का घालत नाहीस, म्हणून थोडा रागावलो. तो हसला. “गॉगल घातला की दिसत न्हाई ओ डॉक्टर, घामानं धुकं धरतंय.” मीही हसलो, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

तिसऱ्यांदा संध्याकाळी दोघे मित्र त्याला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आले. तोंडावर टॉवेल होता आणि टॉवेल रक्ताने भिजला होता. कापायची चकती चालू मशीनवर फुटली होती आणि तिचा तुकडा गालफाड फोडून डोळ्यात गेला होता. माझ्या हातात करण्यासारखे फार थोडे होते. डोळ्यावर दाब येऊ नये म्हणून कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने बसवला, त्याला काही खाऊ-पिऊ नका म्हणून बजावले आणि गाडी करून शहरात पाठवले. डॉक्टरांनी शर्थ केली. आज त्या डोळ्याला उजेड आहे की अंधार, एवढेच समजते.

त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, दोनदा तुमच्याकडं आला होता की हो. तवाच कुणी काय बोललं न्हाई?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

“गॉगल दिला होता”

दोन दिवसांनी कारखान्याचे मालक भेटायला आले. माणूस वाईट नाही. उपचाराचा खर्च त्यांनी केला होता आणि तोंड उतरलेले होते. पण पहिले वाक्य तेच, जे आपण सगळीकडे ऐकतो. “डॉक्टरसाहेब, गॉगल दिला होता. ही पोरं घालत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?”

गॉगल दिला होता, हे खरे आहे. भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. काच घासून इतकी पांढुरकी झाली होती की त्यातून मलाही काही दिसले नसते. पण क्षणभर समजू या, की त्या मुलाने तो घातला असता. वाटाण्याएवढी ठिणगी त्याने अडवली असती. फुटलेल्या चकतीचा तुकडा अडवला असता याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तुकडा अडवायचे काम मुळात गॉगलचे नाहीच. ते काम चकतीवरच्या लोखंडी गार्डचे आहे. आणि गार्ड त्या मशीनवर नव्हता.

माझे मत मी इथे स्पष्ट लिहितो. आपण अपघातानंतर फक्त गॉगलची चर्चा करतो, कारण गॉगल घालायचा की नाही हे कामगाराच्या हातात असते आणि दोष त्याच्यावर टाकून मोकळे होता येते. गार्ड कुठे गेला, चकती कोणती आणली, हवेचा दाब कोणी ठरवला, हे प्रश्न विचारले की बोट मालकाकडे आणि फोरमनकडे जाते, म्हणून ते विचारलेच जात नाहीत. गॉगल हे शेवटचे कुंपण आहे. आधीची तीन कुंपणे मोडून ठेवायची आणि शेवटचे का सांभाळले नाही म्हणून पोराला बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

फोरमननी सांगितलेले गणित

मी इंजिनिअर नाही. त्या कारखान्यातले एक जुने फोरमन माझे बी.पी.चे पेशंट आहेत. त्यांना मी विचारले, चकती फुटलीच कशी? ते थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर त्यांनी हिशेब मांडून दाखवला. तो वाचकांनीही पाहावा.

कापायच्या प्रत्येक चकतीवर मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे चालतील, तो आकडा छापलेला असतो. नेहमीच्या चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर चकतीवर तो बहुधा १५,३०० असतो. एवढ्या फेऱ्यांना चकतीची कड सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेगाने धावते. ही झाली तिची मर्यादा.

आता तीन इंची चकतीसाठी केलेले हवेचे छोटे मशीन घ्या. ते मिनिटाला २०,००० फेरे घेणारे असते. त्यावर चार इंची चकती चढवली तर कडेचा वेग सेकंदाला १०५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३७७ किलोमीटरपर्यंत जातो. चकतीला फाडू पाहणारा ताण हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग सव्वापटीपेक्षा थोडा जास्त झाला, तरी ताण जवळजवळ १.७ पट होतो.

“पण तीन इंचीच्या मशीनला चार इंची बसतेच कशी?” मी विचारले. बसत नाहीच. चार इंचीचे भोक मोठे असते, म्हणून बुश घालतात. मोठी चकती गार्डला अडते, म्हणून गार्ड काढतात. आणि हवेची मशीने साधारण ९० पौंड दाबासाठी केलेली असतात, तर टाकीत त्याहून कितीतरी जास्त दाब असतो. मधला रेग्युलेटर कोणीतरी पूर्ण उघडून ठेवलेला होता. विजेच्या ग्राइंडरला ठरावीक वेग असतो. ज्या हवेच्या मशीनला वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर नाही किंवा तो झिजला आहे, त्याला जेवढी हवा द्याल तेवढे ते पळते.

हे सगळे त्या मुलाने आळसाने केले का? नाही. मोठी चकती जास्त दिवस पुरते, खोलवर जाते, बदलायला कमी वेळ लागतो. मजुरी नगावर होती. चकती बदलायला लागलेली तीन मिनिटे त्याच्या पगारातून जात होती. स्टोअरमध्ये तीन इंची चकत्या संपलेल्या होत्या आणि चार इंचीचा खोका भरलेला होता. ज्या व्यवस्थेत सावधपणाला दंड आणि धोक्याला बक्षीस आहे, तिथे वीस वर्षांचे पोर काय निवडणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

मशीन हातात घेण्यापूर्वी

फोरमनकडून आणि नंतर इतर जाणकारांकडून समजून घेतलेल्या गोष्टी इथे देतो. ज्यांच्या घरात कोणी फाउंड्रीत, गॅरेजात किंवा फॅब्रिकेशनमध्ये काम करते, त्यांनी हा भाग कापून ठेवावा.

१) आधी आकडे जुळवा. चकतीवरचा फेऱ्यांचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त किंवा निदान तितका असलाच पाहिजे. कमी असेल तर ती चकती त्या मशीनला नाही. बुश घालून भोक जुळवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

२) चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते. औषधाच्या बाटलीप्रमाणे या चकतीलाही मुदत असते, कारण तिच्यातला डिंकासारखा चिकट पदार्थ काळाने आणि ओलाव्याने कमजोर होतो. मुदत संपलेली, पावसात भिजलेली, खाली पडलेली किंवा कड उडालेली चकती मोडून टाकून द्या. ‘राहू दे, चालेल’ म्हणून परत खोक्यात ठेवू नका.

३) चकती बदलताना फक्त लिव्हर सोडून भागत नाही. नळीचा व्हॉल्व्ह बंद करा, लिव्हर दाबून आत अडकलेली हवा जाऊ द्या, नळी मशीनपासून सोडवा, आणि मगच पाना लावा. हवा चालू असताना चकती बदलायला गेलेली आणि चुकून लिव्हर दाबली गेलेली बोटे मी शिवलेली आहेत.

४) दाब मशीनच्या तोंडाशी तपासा, टाकीच्या घड्याळावर नव्हे. रेग्युलेटर एकदा ठरवून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे ठेवावी.

५) गार्ड काढू नका. गार्डमुळे कोपऱ्यात हात पोचत नसेल, तर त्या कोपऱ्यासाठी लहान मशीन किंवा दुसरे हत्यार मागा. गार्डचे तोंड असे फिरवा की फुटलेला तुकडा तुमच्याकडे न येता पलीकडे जाईल.

६) नवी चकती लावली की अर्धा ते एक मिनिट मशीन मोकळे चालवा. तेव्हा चकतीच्या रेषेत स्वतः उभे राहू नका आणि समोर दुसऱ्यालाही राहू देऊ नका.

७) कापायची चकती फक्त कापण्यासाठी आहे. तिच्या अंगाने घासू नका, ती बाजूचा दाब सोसत नाही. तुकडा शिकंज्यात घट्ट धरा, आणि असा धरा की कापताना फट उघडत जाईल. फट मिटली की चकती अडकते आणि मशीन उसळून अंगावर येते.

८) मशीन दोन्ही हातांनी धरा. लिव्हरला तार किंवा चिकटपट्टी गुंडाळून ती दाबलेली ठेवू नका. हात सुटला की हवा बंद व्हावी, यासाठीच ती लिव्हर आहे. सोडल्यावरही चकती काही क्षण फिरत राहते. ती पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका.

९) नळी आणि तिचे जोड रोज पाहा. भरल्या दाबात सुटलेली नळी सापासारखी फणा काढून फटके मारते. मोठ्या नळ्यांच्या जोडांना सुरक्षेची तार किंवा साखळी लावावी.

१०) सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल, मनगटावरचे कडे, गंडे आणि राखीचा धागासुद्धा काम सुरू करण्यापूर्वी काढा. सैल सुती हातमोजेही नकोत, ते चकतीत ओढले जातात. अंगाला बसणारे चामड्याचे चालतील. गॉगलवर चेहऱ्याची पूर्ण ढाल, कानात बोळे, आणि नाकातोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क घाला. भाजलेल्या वाळूची बारीक धूळ रुमालाने अडत नाही. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस करते आणि त्या रोगाला उतारा नाही.

अंगावर हवा मारू नका

पाळी सुटताना कॉम्प्रेसरची नळी धरून एकमेकांचे कपडे झाडायची पद्धत बहुतेक शेडमध्ये आहे. ती आजच बंद करा. हातावर लहानशी जखम असेल, तरी त्यातून हवा कातडीखाली शिरते आणि भाग फुगतो. हवेबरोबर तेल आणि घाणही आत जाते. कानाजवळ मारली तर पडदा फाटतो. डोळ्यात उडालेल्या कणांचे तर सांगायलाच नको.

आणि एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. गंमत म्हणून कोणाच्या बसण्याच्या जागी हवेची नळी लावण्याचे प्रकार घडतात. कपड्यांवरून लावली तरी हवा आत शिरते आणि काही सेकंदांत मोठे आतडे फुटते. अशा ‘गमती’त तरुण मुले दगावल्याच्या बातम्या आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांत अनेकदा आलेल्या आहेत. ही गंमत नव्हे, तो गुन्हा आहे. नवीन आलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगितले पाहिजे. आणि असे कोणाचे झाले असेल तर लाजेने दडवून ठेवू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या, कारण तास गेला तरी जिवावर बेतते.

न दिसणारी दुखणी

रक्त दिसले की माणूस डॉक्टरकडे येतो. पण हवेच्या मशीनची दोन दुखणी रक्त न सांडता येतात.

पहिले, थरथरीचे. वर्षानुवर्षे थरथरणारे मशीन धरल्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. आधी रात्री बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग शर्टाचे बटण लावता येत नाही. थंडीच्या सकाळी बोटांची टोके पांढरीफटक पडतात. हे काही नवे ज्ञान नाही. इटलीत डॉ. लोरिगा यांनी १९११ सालीच हवेची अवजारे वापरणाऱ्या कामगारांच्या बोटांत हा विकार नोंदवला. १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड हवेच्या छिन्नीने कापणाऱ्या कारागिरांचे हात तपासले आणि थरथर व थंडी यांचा संबंध दाखवून दिला. मशीनमधून बाहेर पडणारी हवा गार असते, ती बोटांवर येत असेल तर त्रास वाढतो. आपल्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडणे मला कमी दिसते, मुंग्या आणि बधिरपणा जास्त. कामगार ‘व्हिटॅमिनचे इंजेक्शन द्या’ म्हणतात. इंजेक्शनाने हा आजार जात नाही. हात गरम ठेवणे, मशीन गरजेपेक्षा घट्ट न आवळणे, अधूनमधून दुसरे काम करणे, झिजलेले मशीन दुरुस्त करणे, आणि विडी-सिगारेट-तंबाखू सोडणे, हे खरे उपाय. सुरुवातीला काळजी घेतली तर सुधारणा होते, उशीर झाला तर होत नाही.

दुसरे, कानांचे. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज कानांना घातक आहे असे समजावे. पाळी संपल्यावर कानात शिटी वाजते, ती पहिली सूचना. पुढे घरी टी.व्ही.चा आवाज वाढत जातो आणि बायको म्हणते, ‘यांना हाका मारून थकले.’ गेलेले हे ऐकू येणे परत येत नाही.

अपघात झालाच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. निघाला नाही तर काडी, दोरा, नख काहीही न लावता डॉक्टरकडे या. मेडिकलमधून मागून आणलेले थेंब घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर जखमेत बुरशी वाढून बुबुळ पांढरे पडते. तुकडा आत घुसला असेल किंवा डोळ्यातून पाणी, रक्त येत असेल, तर धुऊही नका आणि दाबूही नका. वरून कागदी कप झाकून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

हात कापला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. हळद, कॉफी पावडर, डिझेल यांतले काही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा.

बोट तुटून वेगळे झाले तर ते टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका, दुधात किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका. पेशंट आणि पिशवी एकाच गाडीतून, लवकरात लवकर, जिथे बोट जोडण्याची सोय आहे अशा रुग्णालयात न्या.

मालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना

मालकांची बाजू मला कळते. जॉबवर्कचे दर वर्षानुवर्षे तेच, वीज महाग, मोठ्या कंपन्यांचे पैसे उशिरा मिळणारे. पण योग्य मापाच्या चकत्या, शाबूत गार्ड आणि वर्षाला माणशी दोन-तीन चांगले गॉगल यांना कारखाना बुडेल एवढा खर्च येत नाही. धुके न धरणारे गॉगल मिळतात. चार प्रकारचे आणून कामगारांनाच निवडायला सांगा, आणि शेडमध्ये पाऊल टाकताना स्वतः घाला. मालक उघड्या डोळ्यांनी फिरतो आणि पोराला गॉगल घाल म्हणतो, ते पोर ऐकत नाही. चकती बदलण्याचा, मशीन तपासण्याचा वेळ मजुरीत धरा. एवढे एक केले, तरी निम्मे भांडण मिटेल.

कायदाही हेच सांगत आला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वे कलम स्वतंत्र होते. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितेत ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी मालकाने करून देण्याची तरतूद आहे. पण कायद्याचे पुस्तक कपाटात राहते आणि चकती हातात असते.

आता आम्हा डॉक्टरांबद्दल. सिलिकोसिस आणि गोंगाटाने आलेले बहिरेपण यांसारखे कामाचे रोग कळवण्याची जबाबदारी जुन्या कायद्याने डॉक्टरवरही टाकली होती, नव्या संहितेनेही टाकली आहे. आमच्यापैकी किती जण ती पाळतात? आम्ही कण काढतो, टाके घालतो, फी घेतो. पेशंट काय काम करतो, हे विचारायला आम्हाला वेळ नसतो. त्या मुलाच्या दोन खेपा म्हणजे दोन धोक्याच्या घंटा होत्या. त्या ऐकून मी कारखान्यात एक फोन केला असता, तर कदाचित कोणीतरी त्या मशीनकडे पाहिले असते. कदाचित पाहिलेही नसते. पण त्याच्या आईला द्यायला माझ्याकडे उत्तर तरी असते.

तेव्हापासून मी एक केले आहे. डोळ्यात कण घेऊन आलेल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. गार्ड होता का? चकती कोणत्या मापाची होती? गॉगल कुठे होता? उत्तरे केसपेपरवर लिहितो. दुसऱ्यांदा कोणी आला तर त्याच्या परवानगीने कारखान्यात फोन करतो. काही मालक चिडतात. काहींनी मात्र दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बोलावून मशीने दाखवली आहेत. त्या मुलाच्या कारखान्यात आता रेग्युलेटरला कुलूप आहे आणि किल्ली फोरमनच्या करगोट्याला आहे, असे ते स्वतः सांगतात.

तो मुलगा सध्या त्याच कारखान्यात स्टोअरला आहे. चकत्यांचे वाटप त्याच्याकडे आहे. मशीनचा नंबर लिहून दिल्याशिवाय तो कोणाला चकती देत नाही, आणि कुरकुर करणाऱ्याला काही न बोलता आपला चष्मा काढून दाखवतो.

खंडेनवमीला आपण सगळी हत्यारे धुऊन-पुसून मांडतो, हळदीकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि हात जोडतो. चांगली चाल आहे ती. पुढच्या खंडेनवमीला माळ घालण्याआधी प्रत्येक हवेच्या मशीनला गार्ड आहे का, तेवढे पाहावे. आणि नसेल तर त्या मशीनला माळ घालू नये, ते बाजूला काढून ठेवावे. हत्याराचा मान राखायचा तो हाच.